पाच टक्क्यांच्या रकान्यात आम्ही मावत नाही

प्रति,
महाराष्ट्रातील कंपन्यांचे सीएसआर (कंपन्यांनी नफ्यातून करायचा सामाजिक खर्च) विभागप्रमुख आणि देणगीदार न्यासांचे विश्वस्त यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या बजेटच्या नमुन्यात खालून दुसरी ओळ असते : 'ॲडमिन खर्च, कमाल ५ टक्के'. कंपनी कोणतीही असो, एक्सेल शीटचा रंग बदलतो, ही ओळ बदलत नाही. हे पत्र त्या ओळीबद्दल आहे. तुमच्यापैकी अनेकांशी फोनवर, कार्यशाळांमध्ये जेवणाच्या रांगेत उभं राहून बोलून झालं आहे. "मॅडम, तुमचं पटतंय, पण पॉलिसी आहे" असं उत्तर मिळतं. ते देणारी माणसं खरोखर चांगली असतात, म्हणून कोणा एकाला न लिहिता सगळ्यांनाच लिहिते आहे.

आधी आम्ही काय करतो ते सांगते, कारण आमच्यासारख्या संस्था तुमच्या दौऱ्यात येत नाहीत. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी, झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमचं कार्यालय आहे. आम्ही शाळा चालवत नाही, बंधारे बांधत नाही, आरोग्य शिबिरं घेत नाही. हे सगळं करणाऱ्या लहान संस्थांची नोंदणी, हिशेब, ठराव, प्रस्ताव आणि (हे कुठल्याच अहवालात येत नाही) आपसातली भांडणं आम्ही सांभाळतो. ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांचं वसतिगृह, एकल महिलांची संघटना, तालुक्याचं वाचनालय, अपंगांचं मंडळ अशा संस्था. यातल्या बहुतेकींकडे लेखापाल नाही आणि संगणक आहे तो कोणाच्या तरी मुलाचा.

तुम्हाला वाटेल, कागदांचं काम ते किती असणार. एक उदाहरण देते. एका महिला मंडळाचं आयकर पोर्टलवरचं खातं काही वर्षांपूर्वी बसस्टँडजवळच्या नेट कॅफेत उघडलेलं. ईमेल कॅफेवाल्याने बनवलेला, पासवर्ड त्याच्या वहीत. कॅफे बंद पडला, वही गेली. मोबाइल नंबर तेव्हाच्या सचिवबाईंचा, त्या आता मुलाकडे सुरतेला. ओटीपी सुरतेला जातो, त्या नातवाला शाळेत सोडायला गेलेल्या असतात, त्या घरी येईपर्यंत ओटीपीची मुदत उलटून गेलेली असते. इकडे मंडळाच्या तिघी जणी सकाळच्या एसटीने अर्ध्या तिकिटात येऊन आमच्यासमोर बसलेल्या. अशा एका लॉगिनमध्ये आमच्या सहकाऱ्याचा दिवस जातो. त्या दिवसाचा फोटो काढून, जिओ-टॅग लावून तुम्हाला काय पाठवू? एक माणूस, एक लॅपटॉप आणि फोनकडे बघत बसलेल्या तीन बायका.

दुसरं मोठं काम चेंज रिपोर्टचं, म्हणजे विश्वस्त बदलल्याचं धर्मादाय कार्यालयाला कळवण्याचं. आमच्या भागातल्या बऱ्याच संस्था किल्लारीच्या भूकंपानंतरच्या आहेत. ३० सप्टेंबर १९९३ नंतर बाहेरून मदत आली, मदतीबरोबर कार्यकर्ते आले, स्थानिक तरुण त्यांच्याबरोबर कामाला लागले आणि पुढे त्यांनी आपापल्या संस्था काढल्या. तेव्हा तिशीत असलेली ती माणसं आता साठीच्या पुढे आहेत. कोणी आजारी, कोणी गेलेले, कोणाचं आपसात पटेनासं झालेलं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे विश्वस्तांत बदल झाला की तो ९० दिवसांत कळवावा लागतो. कळवायचा म्हणजे साधं पत्र द्यायचं नाही. सभेची नोटीस, ती सगळ्यांना पोचल्याचा पुरावा, प्रोसिडिंग बुकातला ठराव, नव्या विश्वस्ताचं संमतीपत्र, प्रतिज्ञापत्र, गेलेल्याचा मृत्यू दाखला. मग चौकशी, तारीख, कोणी हरकत घेतली तर पुढची तारीख. आणि मागचा चेंज रिपोर्ट पडून असेल तर नवा त्याच्यामागे रांगेत. शेड्यूल वनवर (धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीवर) नवी नावं चढत नाहीत तोवर बँक सही बदलून देत नाही. अध्यक्ष वारल्यावर वसतिगृहाच्या खात्यात पैसे असूनही किराणा उधारीवर आणलेला मी पाहिला आहे.

यात भर पडली ती २०२० नंतर. आयकर कायद्यातली १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जीची (देणगीदाराला करसवलत) जुनी, कायमची वाटणारी नोंदणी गेली. सगळ्या न्यासांना नव्याने अर्ज करावा लागला, आणि मिळालेली नोंदणी पाच वर्षांपुरती. २०२१-२२ च्या देणग्यांपासून देणगीदारांची यादी ३१ मेपर्यंत ऑनलाइन भरणं आलं, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. १ एप्रिल २०२१ पासून तुमच्या पैशांसाठी सीएसआर-१ हा फॉर्म आला. नीती आयोगाचं, संस्थांच्या नोंदणीचं दर्पण पोर्टल होतंच. हे नियम चुकीचे आहेत असं माझं म्हणणं नाही. बोगस संस्था आम्ही तुमच्यापेक्षा जवळून पाहिल्या आहेत. एका घरात नवरा अध्यक्ष, बायको सचिव, मेहुणा कोषाध्यक्ष, आणि काम फक्त लेटरहेडवर, असे नमुने आमच्या जिल्ह्यातही आहेत. पण प्रत्येक नव्या नियमाबरोबर कोणीतरी बसून ते काम करायला लागतं. मोठ्या संस्थेत त्यासाठी विभाग असतो. लहान संस्था आमच्याकडे येते. अलीकडे लहान न्यासांना दहा वर्षांची नोंदणी देण्याची तरतूद झाली, तेव्हा आमच्या कार्यालयात पेढे वाटले गेले. इतर लोक पेढे कशावर वाटतात आणि आम्ही कशावर, ते बघा.

आता तुमच्या तक्त्याकडे येऊ. आमचा खर्च म्हणजे सहा जणांचे पगार, खोल्यांचं भाडं, इंटरनेट, एसटीचा प्रवास. तुमच्या नमुन्यात हे सगळंच्या सगळं 'ॲडमिन'मध्ये बसतं. म्हणजे आमची संस्था शंभर टक्के ॲडमिन, आणि त्यातले पंचाण्णव टक्के नामंजूर. मागे एका कंपनीने आम्हाला सुचवलं की प्रशिक्षणांची संख्या वाढवा, जेवण, बॅनर आणि हॉल 'कार्यक्रम खर्चा'त टाकता येईल. म्हणजे चेंज रिपोर्ट कसा भरायचा यावर पन्नास जणांना पनीरची भाजी खायला घालता येईल, पण त्यानंतर त्यांच्याबरोबर बसून तो भरून देणाऱ्या माणसाला पगार देता येणार नाही.

ही पाच टक्क्यांची मर्यादा कायद्यातली आहे असं तुमच्यापैकी बहुतेक जण मनापासून मानतात. म्हणून विनंती आहे की नियम एकदा स्वतः काढून वाचा. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ खालच्या सीएसआर धोरण नियमांत २२ जानेवारी २०२१ ला जी दुरुस्ती झाली, तिच्यात प्रशासकीय खर्चाची व्याख्या दिली आहे. कंपनीने स्वतःच्या सीएसआर कामाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनासाठी केलेला खर्च, तो प्रशासकीय खर्च. एखाद्या विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट झालेला खर्च त्यातून वगळला आहे. पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या त्या वर्षीच्या एकूण सीएसआर खर्चावर आहे. म्हणजे ती तुमच्या विभागाला, तुमच्या पगारांना, तुमच्या कार्यालयाला आहे. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या ऑगस्ट २०२१ च्या स्पष्टीकरणात तर शिक्षण प्रकल्पातल्या शिक्षकांचा आणि इतर कर्मचाऱ्यांचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च असल्याचं उदाहरणासह सांगितलं आहे. कंपनीवर असलेली मर्यादा खाली सरकत सरकत लहान संस्थेच्या गळ्यात कधी आणि कोणी अडकवली, ते मला माहीत नाही. बहुधा कोणी मुद्दाम नाही. एकाचा नमुना दुसऱ्याने उचलला असेल.

याच नियमांत आणखी एक तरतूद आहे, ती वाचून हसावं की रडावं कळत नाही. ज्या कंपन्यांचं सीएसआरचं बंधन तीन वर्षांच्या सरासरीने १० कोटी किंवा जास्त आहे, त्यांना १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचं त्रयस्थाकडून परिणाम-मूल्यमापन करून घ्यावं लागतं. त्यासाठी एकूण सीएसआर खर्चाच्या २ टक्के किंवा ५० लाख, यांपैकी जास्त असेल तेवढी रक्कम सीएसआरमध्येच दाखवता येते. कामाचा परिणाम मोजायला ५० लाख किंवा त्याहूनही जास्तीची मुभा, आणि ते काम जिच्या वहीत दिसतं त्या हिशेबनीस मुलीच्या अठरा हजारांवर आक्षेप! मूल्यमापनवाले आले की पहिल्यांदा तिच्याकडेच फाइली मागतात, हेही सांगून ठेवते.

मार्चअखेरचं तेच. "३१ मार्चपर्यंत खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र पाठवा, नाहीतर पैसे परत" असा मेल दरवर्षी फेब्रुवारीत येतो. कायद्यात 'चालू प्रकल्प' नावाची सोय आहे. प्रकल्प सुरू झाला ते वर्ष सोडून पुढची तीन वर्षं तो चालू शकतो. न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवायची, इतकंच. त्यासाठी संचालक मंडळाला कारणासह मान्यता द्यावी लागते आणि तुमच्या सीएफओंना (मुख्य वित्त अधिकाऱ्यांना) सही करावी लागते. ती सही मिळवण्याचा त्रास तुम्हाला होतो, हे मी समजू शकते. पण तो त्रास तुम्ही घेत नाही, तेव्हा त्याची किंमत आमच्याकडे कोण देतं ते ऐका.

मार्चला करार संपतो. नवा करार जूनमध्ये होतो, कधी ऑगस्टमध्ये. पहिला हप्ता त्यानंतर. मधल्या काळात काम थांबत नाही, कारण आयकराची, धर्मादाय कार्यालयाची, बँकेची तारीख तुमच्या कराराची वाट पाहत नाही. म्हणून आमची माणसं एप्रिल ते जुलै बिनपगारी काम करतात. नंतर थकबाकी मिळते, पण 'करार सुरू होण्यापूर्वीचा खर्च ग्राह्य नाही' या अटीमुळे तीही दर वेळी नाही. सहाच जण असल्यामुळे भविष्य निर्वाह निधी कायद्याने लागू होत नाही, तो वीस माणसांपासून. ऐच्छिक घेता येतो, पण मालकाचा हिस्सा कोणत्या रकान्यात टाकायचा? तुम्हीच सांगा.

अशात माणसं टिकत नाहीत. आमच्याकडे बीकॉम होऊन आलेली मुलगी दोन-तीन वर्षांत न्यासांच्या हिशेबात इतकी तरबेज होते की जिल्ह्यात तिच्या तोडीचं कोणी नसतं. मग तिला पुण्यात सीएच्या ऑफिसात दुप्पट पगार मिळतो आणि ती जाते. जायलाच हवं तिने. मी स्वतः दोघींना शिफारसपत्र दिलं आहे. पुन्हा नवी मुलगी, पुन्हा टॅली, पुन्हा 'कॉर्पस म्हणजे काय'पासून सुरुवात. लहान संस्थांच्या लोकांना तर दर वर्षी नवा चेहरा, आणि आपल्या घरातल्या भांडणासारखं संस्थेचं भांडण नव्या चेहऱ्यासमोर कोणी बोलत नाही.

आता एक नेहमीचा प्रश्न. "पण ताई, हे तर सेवेचं काम. यात पगाराचा विचार..." हे वाक्य कंपन्यांपेक्षा न्यासांच्या विश्वस्तांकडून जास्त ऐकू येतं, आणि पाठोपाठ गोखले-कर्व्यांची नावं येतात. म्हणून इतिहासातलं एक सांगते. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १२ जून १९०५ ला पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. त्याच्या सदस्यांना ज्या शपथा घ्याव्या लागत, त्यांतली एक अशी की समाज माझी आणि माझ्या कुटुंबाची जी तरतूद करू शकेल तिच्यात मी समाधान मानीन आणि स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती घालवणार नाही. शपथेचा दुसरा भाग आपण सगळे सांगतो. पहिल्या भागात कार्यकर्त्याच्या कुटुंबाची तरतूद गृहीत धरलेली आहे, ती थोडी का असेना, आणि ती करण्याची जबाबदारी संस्थेची आहे. गोखल्यांना ठाऊक होतं की घरी चूल पेटायची शाश्वती नसेल तर माणूस आयुष्यभर काम करू शकत नाही, वर्षभरच करतो. कार्यकर्त्यांना एप्रिल ते जुलै बिनपगारी राबवणारी संस्था बघून गोखल्यांना काय वाटलं असतं, याचा विचार त्यांचं नाव घेणाऱ्यांनी करावा.

आमच्या बाजूचीही झाडाझडती घ्यायला हवी. 'घड्याळ बघू नका, ध्येय बघा' असं सांगून पोरांना रात्री दहापर्यंत बसवणारे संस्थाचालक आमच्यातच आहेत. स्वतःच्या मुलांना परदेशी शिकायला पाठवून कार्यकर्त्यांना साधेपणा शिकवणारेही आहेत. पैसे आले तरी ते खालपर्यंत पोचतीलच असं नाही. म्हणून तुम्ही पगाराला पैसे द्या आणि तो त्या माणसाच्या खात्यात पोचला का, हेही विचारा. वेतनपत्रक मागा, नियुक्तीपत्र मागा, महिलांच्या तक्रारींसाठी समिती आहे का ते बघा. आमची त्याला ना नाही. लाभार्थ्यांचे आधार क्रमांक मागण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

हे पत्र तुम्हालाच का, सरकारला किंवा परदेशी देणगीदारांना का नाही, तेही सांगते. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी योगदान कायद्यात, एफसीआरएत, दुरुस्ती झाली. परदेशी निधी मिळालेल्या संस्थेने तो दुसऱ्या संस्थेला देणं पूर्ण बंद झालं आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. त्याआधी मोठी संस्था निधी घ्यायची, लहान संस्थांना वाटायची आणि त्यांच्या हिशेबाची जबाबदारी आमच्यासारख्यांवर सोपवायची. त्यातून दोघांचंही भागायचं. ती साखळी एका फटक्यात तुटली, तीही कोविडच्या ऐन मध्यात. खेड्यातल्या संस्थेला इंग्रजी अर्ज, तीन वर्षांचे ऑडिट, सीएसआर-१ हे सगळं करून थेट तुमच्या दारात यावं लागतं. ती येते तेव्हा तिची फाइल आम्ही लावलेली असते. तुम्हाला 'कागद चोख असलेली ग्रामीण संस्था' मिळते ती अशी.

त्यात आमच्या जिल्ह्यात तुमचे कारखाने नाहीत. कायदा कंपनीच्या कामाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगतो, त्यामुळे पैसा चाकण, रांजणगाव, तळोजा, वाळूजच्या भोवती फिरतो. ते ठीक, पण मग ज्या थोड्या कंपन्या इकडे वळतात त्या तरी प्रकल्पाबरोबर माणसांचा विचार करतील अशी अपेक्षा ठेवली तर चुकलं का?

मागणी काही मोठी नाही. नमुन्यातली ती ओळ काढा. प्रकल्पासाठी राबणाऱ्या प्रत्येकाचा पगार प्रकल्प खर्चात धरा, मग तो शिक्षक असो, हिशेबनीस असो, की फाइल घेऊन धर्मादाय कार्यालयात उभा राहणारा असो. तुम्ही दहा लहान संस्थांना निधी देत असाल तर त्यांच्या हिशेब आणि नियमपालनाच्या साहाय्याचं काम स्थानिक संस्थेला रीतसर द्या, त्याची रक्कम प्रत्येक प्रकल्पाच्या बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून घाला. आज ते काम आम्ही फुकट करतो आणि त्याचं श्रेय 'पार्टनर ड्यू डिलिजन्स' (भागीदार संस्थेची पडताळणी) म्हणून मुंबईतली एखादी सल्लागार कंपनी बिल लावून घेते. तीन वर्षांचे करार करा. आणि पुढच्या वर्षीचा करार जानेवारीत सही करून टाका, म्हणजे एप्रिलचा पगार एप्रिलमध्ये होईल.

तुमच्या कर्मचाऱ्यांचे स्वयंसेवा दिवस असतात. शंभर जण टी-शर्ट घालून शाळेच्या भिंती रंगवायला येतात, त्यांच्या बसेस, नाश्ता आणि ब्रश यांची जुळवाजुळव करण्यात आमचे चार दिवस जातात. त्यापेक्षा तुमच्या वित्त विभागातली दोनच माणसं द्या, वर्षाकाठी आठ-दहा दिवस. आमच्या पोरींना जीएसटी आणि टीडीएसच्या खाचाखोचा शिकवू देत. भिंत कोणीही रंगवेल.

आणि हे सगळं ज्यांच्या सहीवर अडतं त्या सीएफओंना एकदा इकडे घेऊन या. आम्ही बुके देणार नाही, फ्लेक्स लावणार नाही. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच आमच्या टेबलाशी बसा, जे येतील त्यांची कामं बघा. फक्त सप्टेंबरचा शेवटचा आठवडा सोडून. धर्मादाय कार्यालयाचे हिशेब ३० तारखेपर्यंत तयार हवे असतात, तेव्हा पाहुण्याला द्यायला खुर्ची उरत नाही.

आपली विश्वासू,
जिल्हा पातळीवरच्या एका साहाय्य संस्थेतली कार्यकर्ती